ओरिजिनल म्हणजे कोणत्या सालची? श्रीरामपूर परिसरातली जुनी मोटरसायकल आणि घरचं गॅरेज

मंडळी, विषय वाचून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानात मोटरसायकल कुठून आली. ताम्रपट, बखरी, किल्ले राहिले बाजूला! पण इतिहासाचं साधन आपण कशाला म्हणतो? ज्यावर माणसाच्या हाताची आणि व्यवहाराची खूण राहिली आहे, त्या वस्तूला. त्या हिशेबाने घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये उघडून ठेवलेली पन्नास वर्षांपूर्वीची बुलेट हे अस्सल साधन आहे. अडचण एवढीच, की गाडी नव्याने बांधायच्या उत्साहात हे साधन वाचण्याआधीच पुसलं जातं. आज आपण त्या अडचणीबद्दल बोलू.

आधी गाव पाहू. श्रीरामपूर हे रेल्वेने वसवलेलं गाव. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि बेलापूर रोड स्टेशनाभोवती बाजारपेठ उभी राहिली. स्टेशनाचं नाव अजून बेलापूरच आहे. मग पाणी आलं. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना, टिळकनगरला महाराष्ट्र शुगर मिल्स आणि १९५० मध्ये शेजारी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना.

ही यादी आपल्याला पाठ आहे. तिची दुसरी बाजू मात्र आपण फारशी सांगत नाही. साखर कारखाना म्हटलं की फिटर आला, टर्नर आला, वेल्डर आला. विहिरीवर किर्लोस्कर किंवा कूपरचं डिझेल इंजिन आलं की ते दुरुस्त करणारा मिस्त्री आला. म्हणजे आसपास लेथ होता, झाळकाम होतं, बेअरिंग कसं काढायचं हे माहीत असलेले हात होते. मोटरसायकल या भागात आली तेव्हा तिला उघडू शकणारी माणसं इथे आधीपासून होती.

आता गाड्या. स्वातंत्र्यानंतरची काही दशकं देशात मोटरसायकल म्हणजे मुख्यतः तीन नावं. पहिली बुलेट. सैन्याला ती पसंत पडली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सने रेडिचच्या रॉयल एनफिल्डबरोबर ‘एनफिल्ड इंडिया’ काढली. १९७० पर्यंत इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, तिरुवोट्टियूरची चालत राहिली. दुसरी जावा. मूळ चेकोस्लोव्हाकियाची, पण १९६० पासूनच्या दशकात मुंबईच्या इराणी कुटुंबाने म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’त बनवायला घेतली; तीच पुढे येझदी झाली. तिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. तिसरी एस्कॉर्ट्सची राजदूत, पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. आपल्या जिल्ह्याचाही यात वाटा आहे: फिरोदियांच्या कायनेटिकची लूना १९७२ ची, आणि कायनेटिकचा कारखाना नगरला दौंड रस्त्यावर.

तो काळ परवान्यांचा. नवी गाडी मागितली की मिळत नसे. बजाज स्कूटरला तर लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. मग हातात असलेली गाडीच आपल्या कामाला लावायची. दूधवाल्याने राजदूतला लोखंडी अँगल जोडून कॅन अडकवायची सोय केली. कुणी सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची टाकली, कारण रात्री मळ्यातून येताना दिव्याचा उजेड मेणबत्तीएवढा पडे. पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, म्हणून देशात ठिकठिकाणच्या गॅरेजांत बुलेटच्या सांगाड्यात डिझेल इंजिनं बसली. पुढे कंपनीनेच ३२५ सीसीची डिझेल बुलेट काढली. ताकद जेमतेम साडेसहा अश्वशक्ती, पण लिटरला सत्तरएक किलोमीटर जाणारी.

आज ‘कस्टम’ हा शब्द आपण मुंबई-पुण्याच्या चकचकीत गाड्यांना लावतो. गरजेपुरता फेरफार करून घेण्याचं हे काम त्याच्या कितीतरी आधीचं. फक्त त्याला नाव नव्हतं. ‘मिस्त्रीकडून करून घेतलं’ एवढंच लोक म्हणत.

आता घरच्या गॅरेजात या. दहा बाय बाराची शेड, एक व्हाइस, एक बल्ब, जमिनीवर पोतं. जुनी बुलेट उघडायला घेतली की पहिला धडा पान्याचा. नटबोल्ट इंची मापाचे. मिलिमीटरचा पाना घातला की कडा गोल झाल्याच. पण सिलिंडर मात्र ७० मिलिमीटर बोअर आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक, एकूण ३४६ सीसी. एकाच इंजिनात मोजमापाच्या दोन व्यवस्था. या दोन्ही व्यवस्था मूळ इंग्लिश आराखड्यातल्याच, आणि दोन्ही त्या एका टेबलावर पडलेल्या दिसतात.

मग हेड उतरवा, पिस्टन पुसा. त्याच्या डोक्यावर २०, ४०, ६० असा आकडा दिसला तर समजायचं की सिलिंडर लेथवाल्याकडे बोअर होऊन ओव्हरसाइज पिस्टन पडलेला आहे. हे आकडे इंचाच्या हजारांशातले. ६० असेल तर गाडी भरपूर राबलेली आहे. मागच्या चेसिसवर वेल्डिंगचे तुकडे राहिलेत? तिथे कॅरिअर किंवा कॅनचं स्टँड होतं. टाकीचा रंग बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासा, थरावर थर निघतात. एकेक थर म्हणजे बहुधा एकेक मालक. आर.सी. बुकावरची नावं आणि हे थर ताडून बघा. इतिहासकार कागद आणि वस्तू यांचा मेळ घालतो तो असाच.

इथे खरा प्रश्न येतो. गाडी बांधायची, पण कोणत्या सालची? कारखान्यातून निघाली त्या दिवसाची? दूध वाहत होती त्या वर्षांची? की आपल्या मनातली, जी कधीच नव्हती?

कायद्याने या प्रश्नाचं काही उत्तर देऊन ठेवलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. दुसरीकडे २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ गाडीला वेगळी नोंदणी दिली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण हवीत, गाडी मूळ रूपात हवी, चेसिस-इंजिनात मोठा फेरफार नको. शुल्क २० हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे आपल्या एमएच-१७ मध्ये कुणी जुन्या बुलेटला नवी चेसिस, नवं इंजिन लावून ‘कस्टम व्हिंटेज’ म्हणू लागला, तर कायद्याच्या लेखी हे दोन शब्द एकमेकांना छेद देतात.

रस्त्यावरच्या सुरक्षेसाठी कायदा योग्यच आहे. घरी वेल्ड केलेली चेसिस भर हायवेवर तुटली तर इतिहासाचं कौतुक कुणाला राहील? पण ‘मूळ रूप’ या कल्पनेत आपल्या भागाचा इतिहास मावत नाही, हेही तितकंच खरं. कॅनचं स्टँड हा कंपनीच्या दृष्टीने दोष, आपल्या दृष्टीने पुरावा. ते कापून, घासून, क्रोम करून गाडी शोरूमसारखी केली की मद्रासच्या कारखान्याची आठवण तेवढी उरते आणि श्रीरामपूरची जाते.

तर मग करायचं काय? आम्हाला चार गोष्टी सुचतात. पहिलं, पाना हातात घेण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, इंजिन आणि चेसिसचे नंबर लिहून घ्या. त्या नंबरांना ग्राइंडर लावू नका. तोच गाडीचा शिलालेख आहे, आणि कागदपत्रांनाही तोच लागतो. दुसरं, काढलेला एकही भाग भंगारात घालू नका. डबा करा, चिठ्ठी लावा. तिसरं, नवं जे बसवाल ते पुन्हा काढता येईल असं, बोल्टने बसवा. आणि चौथं, सगळ्यांत तातडीचं: जुन्या मिस्त्रीला शेडमध्ये खुर्ची द्या आणि बोलतं करा.

कारण १९८५ च्या आसपास हिरो होंडा, आरएक्स १००, सुझुकी आल्या आणि पुढे गाड्यांतून पॉइंट गेले, कार्बोरेटरही गेले. नुसत्या आवाजावरून टायमिंग ओळखणारे कान आता सत्तरी-ऐंशीत आहेत. कारखान्यांच्या इतिहासाचे निदान अहवाल छापले गेले. मिस्त्रींचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. तो त्यांच्या बोटांत आहे आणि त्यांनी दुरुस्त केलेल्या गाड्यांत आहे. गाडी पुढच्या वर्षीही बांधता येईल. मिस्त्रींशी बोलणं या महिन्यात उरकून घ्या.