चार आठवड्यांची गोळी

परळ, १९४० च्या दशकाचा शेवट. केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात तुम्ही बाकावर बसला आहात, उजव्या हाताची बाही खांद्यापर्यंत दुमडलेली. दंडाला कापडी पट्टा गुंडाळला जातो, रबरी फुगा दाबला जातो आणि समोरच्या पेटीतल्या काचेच्या नळीत पारा वर चढतो. दोनशेच्या पुढे जातो. कोपराच्या खळग्यात स्टेथोस्कोप टेकवून डॉक्टर हवा सोडू लागतात. पारा उतरताना पहिला ठोका ऐकू येतो, तो वरचा आकडा. ठोके पुसट होत थांबतात, तो खालचा. केसपेपरवर लिहिलं जातं: २१० आणि १२०.

पहाटेपासून तुमचं डोकं ठणकतंय. शेजारी एक गिरणी कामगार बसलाय, हातात कागदाची पुडी. त्याला तुम्ही विचारता, गुण येतो का?

"पैल्या आठवड्यात काय बी न्हाई, दादा. म्या म्हटलं सोडून द्यावं. आता झोप लागतीया. नाक तेवढं चोंदतंय."

त्याचं हे बोलणं लक्षात ठेवा. पुढे जिथे जिथे जाल तिथे ते उपयोगी पडेल.

पुडीत सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या आहेत. आज रक्तदाबाची गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, त्यामुळे त्या काळची लाचारी चटकन समजत नाही. वाढलेला दाब ही शरीराची गरजच असते, कडक झालेल्या नसांमधून रक्त ढकलायला तो लागतोच, असं मानणारे नामवंत डॉक्टर तेव्हा होते. १२ एप्रिल १९४५ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले; त्या दिवशी त्यांचा दाब ३०० आणि १९० मोजला गेला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखासाठीही भरवशाचं औषध नव्हतं. होता तो जवळजवळ बिनमिठाचा भात-फळांचा आहार, झोपेची औषधं, नाहीतर पाठीच्या कण्यालगतचे मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया.

केसपेपरवर आकडे लिहिणारे हे डॉक्टर रुस्तम जाल वकील. मुंबईचे पारशी, विलायतेत शिकून परतलेले, हृदयरोगाचे जाणकार. सर्पगंधा त्यांनी शोधली नाही. वैद्यांना ती शतकानुशतकं माहीत होती आणि तिच्या गोळ्या १९३० च्या दशकापासून बाजारातही होत्या. त्यांनी केलं ते वरवर साधं दिसतं. ५० रुग्ण घेतले, औषध दिलं, मोजत राहिले, आणि चार आठवडे पुरे होईपर्यंत निकाल ठरवला नाही. मला त्यांच्या कामातला हा भाग सगळ्यांत मोठा वाटतो.

चार आठवड्यांनी ८५ टक्के रुग्णांचा वरचा दाब उतरला होता, ८१ टक्क्यांचा खालचा. कुणाचा वरचा दाब जेमतेम दोन मिलिमीटरने घसरला, कुणाचा ५४ ने. औषध थांबवल्यावरही परिणाम काही आठवडे टिकला. हा निबंध १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. दोन दिवसांनी दाब पाहून कुणी गोळी बंद केली असती, तर त्याला हातात काहीच दिसलं नसतं.

आता मागे चला, १९३१ मध्ये. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांचा लेख नुकताच प्रसिद्ध झालाय: उन्माद आणि रक्तदाब, दोन्हींवर या मुळाचं चूर्ण. मात्रा दिवसातून दोनदा वीस ते तीस ग्रेन, म्हणजे सव्वा ते दोन ग्रॅम. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या प्रयोगशाळेत सलीमुझ्झमाँ सिद्दिकी मुळाच्या अर्कातून स्फटिक वेगळे काढताहेत. जर्मनीत रसायन शिकून आलेला, चित्रंही काढणारा हा माणूस. कॉलेज उभारणारे हकीम अजमल खान चार वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या नावावरून सिद्दिकींनी एका स्फटिकाला अजमलीन म्हटलं. ते स्फटिक हातावर घेऊन पाहिलेत तर समाधान वाटेल: शुद्ध, नीटस, चमकदार. पण मूळ खाऊन माणसाला येणारी ती शांत गुंगी या स्फटिकांतून येत नव्हती. ती उरलेल्या राळेसारख्या चिकट, तपकिरी भागात होती, आणि ते कलकत्त्यातल्या संशोधकांच्या ध्यानात यायला पुढचं दशक उजाडावं लागलं.

त्या तपकिरी गाळातूनच बाझेल शहरातल्या सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ मध्ये रेसर्पिन वेगळं केलं. चमचाभर चूर्णाच्या जागी आता मिलिग्रॅमचा चौथा भाग पुरे.

एवढंसं द्रव्य इतक्या सावकाश का काम करतं, हे बघायचं तर मज्जातंतूच्या टोकाशी जाऊन उभं राहायला हवं. तिथे बारीक पिशव्या असतात. नॉरअॅड्रिनलीन, डोपामिन, सेरोटोनिन अशी संदेश नेणारी रसायनं त्यांत साठवलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरणारा पंपच बंद पाडतं. साठा लगेच संपत नाही. तो दिवसेंदिवस आटत जातो. नसा आवळण्याचा हुकूम देणारं रसायन कमी पडलं की नसा सैल होतात, दाब उतरतो. आणि बंद पडलेला पंप दुरुस्त होत नाही, नव्या पिशव्या तयार व्हाव्या लागतात, म्हणून गोळी सोडल्यावरही परिणाम रेंगाळतो. परळच्या बाकावरचा माणूस हेच सांगत होता. त्याचं चोंदलेलं नाकही त्यातलंच: तिथल्या नसाही सैल पडलेल्या.

१९५३–५४. न्यूयॉर्क राज्यातलं रॉकलंड इथलं मनोरुग्णालय. दारं कुलूपबंद, आत किंकाळ्या, फुटलेल्या खिडक्या. अहमदाबादच्या एका डॉक्टरांचं या मुळावरचं काम वाचनात आल्यावर तिथले मनोविकारतज्ज्ञ नेथन क्लाइन यांनी रुग्णांना सर्पगंधा आणि रेसर्पिन द्यायला सुरुवात केली आहे. क्लाइन पुढे सांगत, की फरक आधी जाणवला तो काचा बसवणाऱ्या कामगाराला, कारण त्याचं काम कमी झालं. अनेक वर्षं कोंडलेली माणसं अंगणात येऊन बसली. १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळालेल्यांमध्ये क्लाइन होते, आणि परळचे डॉ. वकीलही.

इथेच थांबलात तर गोष्ट गोड होते, पण खोटी होते. दाबासाठी मोठी मात्रा महिनोन्महिने घेणाऱ्या काही माणसांची उमेदच गेली. सकाळी उठावंसं वाटेना. काहींनी जीव देण्याचे विचार बोलून दाखवले. हाही परिणाम उशिराच उघडा पडला. मात्रा खाली आली, पुढे दुसरी औषधं निघाली आणि रेसर्पिन मागे पडलं. म्हणून कळकळीने सांगतो: झाडपाला आहे, अपाय काय होणार, असं म्हणून हे मूळ घरी उगाळून घेऊ नका. दोन मुळांत द्रव्याचं प्रमाण सारखं नसतं.

त्या काळवंडलेल्या मनांमधूनही विज्ञानाला काही मिळालंच. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेले ससे पाहा. कान पडलेले, अंग गळालेलं, हालचाल नाही. शरीर ज्यापासून डोपामिन बनवतं त्या एल-डोपाचं इंजेक्शन दिल्यावर ते थोड्याच वेळात उठून हिंडू लागतात. कंपवाताच्या आजच्या उपचाराची वाट इथून निघाली.

आता आजच्या सह्याद्रीत या. पावसाळ्यानंतरचे दिवस, जंगलाच्या कडेला गुडघ्याएवढं झुडूप. कण्हेर आणि सदाफुलीच्याच कुळातलं. एका पेरावर बहुधा तीन-तीन पानं, पांढरी फुलं, त्यांचे देठ लालसर, पिकलेली फळं काळपट जांभळी. खाली वाका, माती बाजूला करा, मुळाचा तुकडा जिभेला लावा. कडू जहर. औषधी द्रव्याचा बहुतेक साठा सालीत असतो, त्यामुळे मूळ धुताना साल खरवडली तर हाती लाकूडच उरतं.

मूळ हवं तर झाड उपटावं लागतं. १९५० च्या दशकात जगभरातून मागणी आली तेव्हा रानंच्या रानं खणली गेली. आज सर्पगंधेचा परदेशी व्यापार सायटिस कराराच्या नियंत्रणाखाली आहे, आणि खरा उपाय लागवडीचाच आहे. तीही सोपी नाही. बी फार कमी रुजतं, म्हणून रोपवाटिकेत मुळांचे तुकडे लावतात. त्यातून फुटलेलं झाड खणण्याजोगं व्हायला दोन-तीन वर्षं जातात, आणि तेवढा वेळ ती जमीन अडकवून ठेवणाऱ्या शेतकऱ्याला खात्रीचा भाव कुणीतरी आधी बांधून द्यावा लागतो.