नर्सच्या नावाआधी ‘डॉ.’ का? मानसोपचार नर्सिंगमधील पीएच.डी. आणि तुमचा रुग्ण

गेल्या उन्हाळ्यात भिवंडीतील माझ्या दवाखान्यात एका यंत्रमाग कामगाराला त्याचा मुलगा अक्षरशः धरून घेऊन आला. दोन दिवसांपासून उलट्या आणि जुलाब, हात जोरात थरथरत होते, चालताना तोल जात होता, जीभ जड झाली होती. बायपोलर आजारासाठी हे गृहस्थ बरीच वर्षे लिथियमची गोळी घेत होते. कारखान्यात उकाडा, बारा तासांची पाळी, घाम भरपूर आणि पाणी कमी. त्यात कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी आठवडाभर चालू होती. रक्तातील लिथियम वाढल्याची ही लक्षणे होती. त्यांना लगेच मोठ्या रुग्णालयात पाठवले. वेळेत उपचार मिळाले आणि ते बरे झाले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

नंतर मुलाने जुनी फाइल आणली. त्यात घरी सोडतानाच्या सूचनांचा एक कागद होता. पाणी भरपूर प्यावे, जेवणातील मीठ एकदम कमी करू नये, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये, असे त्यावर स्पष्ट लिहिलेले होते. हे कोणी सांगितले होते, असे विचारल्यावर तो म्हणाला, “तिथल्या सिस्टरनी. नावाआधी डॉक्टर लावतात, पण आहेत नर्सच. म्हणून आम्ही फार मनावर घेतले नाही.”

याच्या उलट चूकही होते. ‘डॉ.’ वाचून काही नातेवाईक त्यांच्याकडेच गोळ्यांचा डोस बदलून मागतात. दोन्ही चुका टाळायच्या तर या नर्स कोण असतात आणि त्यांचे काम काय, हे माहीत असायला हवे.

मानसोपचार नर्स म्हणजे कोण?

प्रत्येक नर्सच्या शिक्षणात मानसिक आरोग्य हा विषय असतोच. काही नर्स पुढे याच विषयाचे विशेष शिक्षण घेतात. त्यांना मानसोपचार नर्स किंवा सायकियाट्रिक नर्स म्हणतात. यात पुरुषही असतात. वॉर्डात आपण त्यांना ‘ब्रदर’ म्हणतो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. या कायद्यात ‘मानसिक आरोग्य नर्स’ अशी स्वतंत्र व्याख्या आहे. म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचार समाजसेवक यांच्याबरोबरीने उपचार करणाऱ्या चमूत नर्सचे स्थान कायद्याने मान्य केले आहे.

पीएच.डी.पर्यंतची वाट

* बारावीनंतर बी.एस्सी. नर्सिंग: ४ वर्षे. किंवा जी.एन.एम. ३ वर्षे आणि त्यानंतर पोस्ट बेसिक बी.एस्सी. २ वर्षे.
* एम.एस्सी. नर्सिंग, विशेष विषय मानसिक आरोग्य: २ वर्षे. त्याआधी साधारण वर्षभर कामाचा अनुभव लागतो.
* पीएच.डी.: किमान ३ वर्षे. प्रत्यक्षात अनेकदा जास्त लागतात, कारण बहुतेक जण नोकरी सांभाळून ती करतात.

महाराष्ट्रात नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठातर्फे नर्सिंगचे उच्च शिक्षण घेता येते. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत १९५० च्या दशकापासून मानसोपचार नर्स घडवल्या जात आहेत. तिथे या विषयात एम.एस्सी. आणि पीएच.डी. दोन्ही करता येतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलनेही नर्सिंगमधील पीएच.डी.साठी राष्ट्रीय पातळीवर एक संयुक्त व्यवस्था उभारली आहे.

‘डॉ.’ म्हणजे काय, आणि काय नाही?

इतिहासात किंवा रसायनशास्त्रात पीएच.डी. केलेली व्यक्ती जशी ‘डॉ.’ लावते, तसेच हे. त्या नर्सने एखाद्या प्रश्नावर अनेक वर्षे पद्धतशीर संशोधन केले आहे, असा त्याचा अर्थ. ती पदवी खरी आहे आणि मानाची आहे. पण तिच्यामुळे आजाराचे निदान करण्याचा किंवा स्वतंत्रपणे मानसोपचाराची औषधे लिहून देण्याचा अधिकार आपल्या देशात मिळत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचे.

अमेरिकेतील नातेवाईक कधी फोनवर सांगतात, “आमच्याकडे तर नर्सच औषध लिहून देतात.” तेही खरे आहे. तिथे ‘डी.एन.पी.’ नावाची डॉक्टरेट आहे. ती संशोधनापेक्षा प्रत्यक्ष रुग्णसेवेवर भर देते. मानसोपचारातील नर्स प्रॅक्टिशनरना तिथे निदान करण्याचा आणि औषध लिहिण्याचा परवाना मिळतो. त्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. आपल्याकडची पीएच.डी. आणि तिकडची डी.एन.पी. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिकडचा नियम इथे लावू नका.

मग त्यांचा उपयोग काय?

डॉक्टर राउंडला आले की रुग्णापाशी काही मिनिटे थांबतात. नर्स पूर्ण पाळी तिथे असते. रुग्ण किती झोपला, जेवला का, गोळी गिळली की गालात धरून ठेवली, कोणाशी बोलला, हे तिला दिसते. घरी नेण्याआधी तिच्याकडून या गोष्टी समजून घ्या:

* गोळी चुकली तर? पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायच्या का? बहुतेक औषधांबाबत उत्तर ‘नाही’ असेच असते, पण आपल्या रुग्णाच्या औषधाबद्दल विचारून घ्या.
* पाळी बदलली तर? रात्रपाळी असेल तर झोप आणणारी गोळी कधी घ्यायची? भिवंडीत हा प्रश्न घरोघरी असतो. संकोच न करता सांगा, म्हणजे डॉक्टरांना विचारून वेळ ठरवता येईल.
* कोणती लक्षणे धोक्याची? लिथियम चालू असेल तर उलट्या-जुलाब, हातांची जोरदार थरथर, तोल जाणे, बोलणे जड होणे. क्लोझापिन चालू असेल तर ताप आणि घसा दुखणे. अशा वेळी रक्ततपासणी तातडीने लागते.
* आजार उलटण्याची पहिली खूण कोणती? बहुधा झोप बिघडते, चिडचिड वाढते किंवा माणूस एकटा राहू लागतो. तुमच्या रुग्णाची खूण कोणती, ती लिहून ठेवा.

घरी सोडताना पुढच्या उपचारांची आखणी रुग्णाशी आणि त्याला सांभाळणाऱ्या कुटुंबाशी बोलून व्हावी, असे कायदाच सांगतो. त्यामुळे प्रश्न विचारताना आपण कोणाचा वेळ खातो आहोत, असे मानू नका.

संशोधनात भाग घ्यायला सांगितले तर

पीएच.डी. करणारी नर्स कधी तुमच्याकडेही येईल. घरच्यांवर किती ताण येतो, गोळ्या का सुटतात, घरभेटींचा उपयोग होतो का, असे तिचे प्रश्न असतात. अशा कामातून हाती खूप काही लागते. कुटुंबाला आजाराची नीट माहिती दिली तर स्किझोफ्रेनिया पुन्हा उलटण्याचे प्रमाण घटते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

भाग घेणे तुमच्या मर्जीवर आहे. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, मराठी, हिंदी, उर्दू किंवा तेलुगूत, समजावून मागा. नीतिमत्ता समितीची परवानगी आहे का, नाव गुप्त राहील का, हे विचारा. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलात तरी उपचारांत फरक पडता कामा नये.

घरातील मुलीला किंवा मुलाला ही वाट धरायची असेल तर

“एवढे शिकून वेड्यांच्या दवाखान्यातच जायचे का?” असे पालक मला विचारतात. माझे उत्तर सोपे असते: मानसिक आजार हा आजारच आहे आणि त्याची शुश्रूषा हे कौशल्याचे काम आहे. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. पीएच.डी.नंतर अनेक जण महाविद्यालयात शिकवण्याकडे वळतात आणि वॉर्डाशी संबंध कमी होतो. म्हणून एम.एस्सी.नंतर दोन-तीन वर्षे वॉर्डात काढावीत, असा माझा सल्ला असतो. संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडतो. प्रवेशाआधी मार्गदर्शक कोण, त्यांचा विषय कोणता, रजा आणि पगाराचे काय, हेही विचारून घ्यावे.

कधी थांबू नये?

जीव देण्याची भाषा, खाणेपिणे बंद होणे, आक्रमकता, किंवा मानसिक आजाराची औषधे चालू असताना जोराचा ताप येऊन अंग ताठ होणे, यांपैकी काहीही दिसले तर लगेच रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. फोनवर सल्ला हवा असेल तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. भिवंडीकरांना सरकारी मनोरुग्णालय जवळच ठाण्यात आहे. १९०१ पासून ते सुरू आहे.

शेवटी माझीही एक कबुली. पूर्वी मानसिक रुग्णाची फाइल आली की मी फक्त औषधांचे पान पाहायचो. आता आधी सिस्टरनी लिहिलेला सूचनांचा कागद वाचतो. तुम्हीही तो कागद घरात कपाटाच्या दारावर चिकटवा आणि कोणत्याही कारणाने माझ्यासारख्या डॉक्टरकडे जाल तेव्हा तो सोबत न्या.