रायफलीच्या बिलातले तास

शिकारीची रायफल आपल्या मापाची करून घ्यायला एवढा खर्च का येतो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात सहसा निघत नाही. निघायला हवा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडची शिकार जवळजवळ संपली, म्हणून मराठी वाचकाला विषय परका वाटेल. पण कारागिराच्या मजुरीचा हिशेब समजून घ्यायला ही वाट फार सोयीची आहे. त्यासाठी बंदुकीची आवड असायला हवी असे मुळीच नाही. मलाही फारशी नाही.

सुरुवात अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड १९०३ या लष्करी रायफलीपासून करावी. थिओडोर रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्ष असताना सरकारी शस्त्रशाळेकडूनच तिचे शिकारी रूप करून घेतले आणि १९०९मध्ये ती आफ्रिकेत नेली. पुढे नागरी नेमबाजांनाही अशा रायफली सरकारकडून माफक दरात मिळू लागल्या, आणि त्या घडवून देणाऱ्यांचा धंदा बहरला. न्यूयॉर्कची ग्रिफिन अँड हाउ ही पेढी १९२३ची. हेमिंग्वे यांनी आपली स्प्रिंगफील्ड तिथूनच घेतली. मूळ वस्तू स्वस्त आणि तिच्यावरचे काम महाग, हे या क्षेत्राचे कोडे.

गिऱ्हाईक म्हणते, ‘फक्त दुर्बीण बसवून द्या.’ इथून कामे एकमेकांना जन्म देऊ लागतात. कठीण पोलादात भोके पाडून आटे काढायचे. बोल्टचा दांडा वर उचलला की दुर्बिणीला लागतो, म्हणून तो बदलायचा. सेफ्टीचा खटका वरून फिरतो, तोही अडतो, दुसरा घालायचा. नजर उंचावली म्हणून दस्त्याला गाल टेकायची जागा वाढवायची, म्हणजे बहुधा नवा दस्ताच. अक्रोडाच्या ठोकळ्यात धातू बसवताना त्याला काजळी फासतात, लाकडावर टेकवून उचलतात, डाग पडला तेवढेच तासतात आणि पुन्हा टेकवतात. हे किती वेळा, ते लाकूड ठरवते. मग तेलाचे पातळ हात, दोन हातांमध्ये वाळण्याची वाट पाहणे, आणि शेवटी पकडीवरची जाळीदार खाचणी. पोलादाचा गडद रंगसुद्धा जुन्या पद्धतीत गंज चढवून, उकळून, घासून अनेक फेऱ्यांनी येतो.

जाणता माणूस मात्र या सगळ्याआधी क्रमांक पाहतो. स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेच्या ८,००,०००च्या खालच्या क्रमांकांचे पोलाद ठिसूळ निघू शकते. अशी रायफल परत पाठवणारा कारागीर त्या दिवशी काहीच कमावत नाही.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६मध्ये नाट्य-संगीताच्या अर्थकारणावर लिहिताना दाखवले, की चार वादकांची रचना शंभर वर्षांनीही तेवढाच वेळ घेते, पण वादकांची मिळकत मात्र इतरांबरोबर वाढावी लागते. काजळीचे काम याच जातीचे. संगणकचलित यंत्रे नळी झटपट कातू लागली, दस्त्याचा ढोबळ आकारही काढू लागली. अखेरची जुळवणी हाताकडेच राहिली.

हा खर्च परत मिळतो का? सहसा नाही. नामवंत पेढीची मोहोर असेल तर संग्राहक पैसे मोजतात. एरवी अनोळखी हाताने कापलेल्या स्प्रिंगफील्डपेक्षा मूळ स्थितीतली लष्करी रायफलच आज बहुधा महाग जाते. म्हणून या विषयात शिरणाऱ्याने दोन रकाने वेगळे ठेवावेत: कारागिराला काय मिळाले आणि वस्तूला पुढे काय भाव आला. लिलावांच्या याद्यांत दुसराच सापडतो. पहिल्यासाठी कार्यशाळांच्या हिशेबवह्या शोधाव्या लागतात.