कॉस्टिक सोड्याच्या डब्यावर 'विष' हा शब्द कसा आला?

"डॉक्टर, हुक्क्याची काच आतून तपकिरी झालीय. कॉस्टिक सोड्यात रात्रभर भिजवली की निघते म्हणतात. चालेल ना?"

तपासणी संपवून उठता उठता एका तरुणाने हा प्रश्न विचारला. हुक्का सोड, हे मी त्याला आधी सांगितलं. काचेवर बसलेलं ते किटण म्हणजे फुप्फुसात जाणाऱ्या धुराचाच एक हिस्सा. काच लख्ख केली म्हणून पुढचा झुरका निर्धोक होत नाही. पण त्याने विचारलं होतं धुण्याबद्दल, आणि तो प्रश्न काही फालतू नव्हता.

धुराचा टार तेलकट, डिंकासारखा चिकट असतो. साध्या पाण्याने तो सुटत नाही. अल्कली, म्हणजे बुळबुळीत गुणाचा पदार्थ, त्यातला बराचसा भाग पाण्यात विरघळेल असा करते आणि चरबीचा चक्क साबण बनवते. आपल्या आज्या चुलीतल्या राखेने तेलकट भांडी घासायच्या, ते याच गुणामुळे. राख सौम्य. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइड, तिच्यापेक्षा कितीतरी पटींनी जहाल. आणि चरबी काचेवरची की माणसाच्या अंगातली, हे त्याला कळत नाही.

अमेरिकेला हे फार महागात पडून कळलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे हा पदार्थ 'लाय' या नावाने किराणा दुकानात मिळायचा. घरी साबण करायला, तुंबलेलं गटार मोकळं करायला तो घरोघरी असे. दिसायला साखरेसारखा पांढरा. हाताला लागेल अशा जागी ठेवलेला डबा लहान मुलं उघडत आणि चव घेऊन बघत.

पुढे जे व्हायचं ते समजून घ्या. ॲसिडने भाजलं की वरचा थर गोठतो आणि काही अंशी तोच आड येतो. अल्कली मात्र पेशी विरघळवत खोल उतरत जाते. मूल पहिल्या काही दिवसांतून वाचलं, तरी जखम भरताना अन्ननलिका आकसते. आधी भाकरी अडकते, मग पेज, शेवटी पाणीसुद्धा.

अशी मुलं चेव्हॅलिअर जॅक्सन या घशाच्या डॉक्टरांकडे येत. आधी पिट्सबर्ग, नंतर फिलाडेल्फिया इथे त्यांनी काम केलं. नळीतून अन्ननलिकेत आणि श्वासनलिकेत पाहण्याचं तंत्र त्यांनीच रुळवलं. मुलांनी गिळलेल्या पिना, नाणी, बटणं असा त्यांनी बाहेर काढलेला दोन हजारांहून जास्त वस्तूंचा संग्रह आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. लायने अन्ननलिका बंद झालेल्या एका सात वर्षांच्या मुलीची गोष्ट त्यांनी आत्मचरित्रात सांगितली आहे. आत अडकलेला गोळा त्यांनी काढला. तिला पेलाभर पाणी दिलं. पाणी परत उलटून येणार, या धास्तीने तिने छोटासा घोट घेतला. तो खाली उतरला. मग दुसरा. मग तिने डॉक्टरांच्या हाताचा मुका घेतला.

मुलं बरी करत राहण्यापेक्षा डबा बदलला पाहिजे, हे जॅक्सन यांनी ओळखलं. (सगळ्याच डॉक्टरांना हे सुचत नाही. मीही त्यात आलो.) अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाठबळाने त्यांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला. ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या सहीने 'फेडरल कॉस्टिक पॉयझन ॲक्ट' झाला. १० टक्के किंवा त्याहून तीव्र कॉस्टिक सोडा असलेल्या घरगुती डब्यावर 'विष' हा शब्द आणि अपघात झाल्यास काय करावं, हे छापणं बंधनकारक झालं. त्या काळी उतारा म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाचा रस पाजायला सांगत. आज आम्ही तसं करू देत नाही, कारण त्याने उलटी होऊन तीच जखम दुसऱ्यांदा भाजू शकते.

आता त्या तरुणाचं उत्तर. कॉस्टिक सोडा नकोच. तीव्र, गरम द्रावणाने काचही झिजते. प्रयोगशाळेतली काच धुण्याची सौम्य अल्कधर्मी पावडर असते, ती १ लिटर कोमट पाण्यात साधारण १० ग्रॅम पुरते. तरी डब्यावरचं प्रमाण वाचाच. आधी पाणी घ्या, मग त्यात पावडर टाका. हातमोजे आणि चष्मा हवा, आणि दुसरं कुठलंही क्लीनर त्यात मिसळायचं नाही. बोटं बुळबुळीत लागली तर ती तुमच्याच कातडीची चरबी आहे, लगेच धुवा. काच मात्र वाहत्या पाण्याखाली पुन्हा पुन्हा खळखळून घ्या, कारण तिला तुम्ही तोंड लावणार आहात.

उरलेलं द्रावण कुठे ठेवणार, असं मी त्याला विचारलं. म्हणाला, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत. घरात चार वर्षांची भाची आहे.

ते ओतून टाका. आणि कुणाच्या पोटात गेलंच, तर ओकारी काढू नका, लिंबू-ताक पाजत बसू नका. तोंड पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा आणि डबा सोबत घेऊन या. डोळ्यात उडालं, तर निघण्याआधी किमान १५ मिनिटं नळाखाली डोळा उघडा धरा.