मधल्या एका मिनिटाची गायिका

आज फोनवर एखादं गाणं लावलं की सगळ्यात ठळक नाव दिसतं ते गाणाऱ्याचं. गिटार कोणी वाजवली, ड्रम्सवर कोण होतं, हे बघायचं तर बोट बरंच खाली सरकवावं लागतं. १९३८ साली अमेरिकेत तुम्ही एखादी तबकडी विकत घेतली असती, तर तिच्यावर नेमकं उलटं दिसलं असतं. मोठ्या अक्षरात बँड लीडरचं नाव: आर्टी शॉ, बेनी गुडमन, टॉमी डॉर्सी. आणि खाली बारीक अक्षरात, गाण्याचा भाग अमुक व्यक्तीने गायलाय, एवढी नोंद. पुढच्या पाच-सात वर्षांत हे चित्र पालटलं. ते कसं पालटलं, हे एका गायिकेच्या आयुष्यातून फार स्वच्छ दिसतं. तिचं नाव हेलन फॉरेस्ट.

आधी थोडं स्विंगबद्दल. साधारण १९३५ ते १९४५ ही दहा वर्षं अमेरिकेत 'बिग बँड'ची होती. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रोम्बोन, पियानो, बास, गिटार, ड्रम्स मिळून पंधरा-सोळा वादक, आणि समोर नाचणारी तरुण मंडळी. हे संगीत आधी नाचासाठी होतं, ऐकण्यासाठी नंतर. एका तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. त्यात बँड पहिल्यांदा चाल वाजवणार, मग गायिका उठून शब्द एकदा गाणार, आणि शेवट पुन्हा बँडचा. म्हणजे गायिकेच्या वाट्याला मधलं एखादं मिनिट. लय नाचणाऱ्यांच्या पायांना जुळेल अशी, आणि पुष्कळदा पट्टीसुद्धा तिच्या नाही तर बँडच्या सोयीची. उरलेली रात्र तिने चांगले कपडे घालून, हसऱ्या चेहऱ्याने स्टेजवर खुर्चीत बसून राहायचं. संगीताची मासिकं या मुलींना 'कॅनरी' म्हणायची. पिंजऱ्यात ठेवतात तो पिवळा पक्षी. कौतुकानेच म्हणायची, पण त्या कौतुकातच सगळं आलं.

हेलनचा जन्म १२ एप्रिल १९१७चा, अटलांटिक सिटीतल्या ज्यू कुटुंबातला. मूळ आडनाव फोगेल. ती तान्ही असतानाच वडील फ्लूने गेले. आईने पुढे दुसरं लग्न केलं. सावत्र वडिलांच्या घरात ती सुरक्षित नव्हती. चौदाव्या वर्षाच्या सुमारास ती तिला पियानो शिकवणाऱ्या बाईंच्या घरी राहायला गेली, आणि त्या बाईंनीच तिला गाण्याकडे वळवलं. न्यूयॉर्कच्या रेडिओवर सुरुवातीला ती गायची तीसुद्धा भलत्याच नावांनी: कधी 'बॉनी ब्लू', कधी 'ब्लू लेडी'. नावाचा आणि आवाजाचा संबंध असा पहिल्यापासूनच सुटा.

१९३८मध्ये क्लॅरिनेटवादक आर्टी शॉने तिला आपल्या बँडमध्ये घेतलं. तेव्हा त्याच्याकडे आधीपासून एक गायिका होती: बिली हॉलिडे. गोऱ्या वादकांच्या मोठ्या बँडबरोबर नियमित दौरे करणाऱ्या पहिल्या काळ्या गायिकांपैकी ती एक. दक्षिणेकडच्या राज्यांत तिला हॉटेलात खोली मिळायची नाही, जेवायला बसू द्यायचे नाहीत. न्यूयॉर्कसारख्या शहरातही, ज्या हॉटेल लिंकनमध्ये तिचा बँड वाजत होता, तिथे तिला पाहुण्यांच्या लिफ्टऐवजी मालाच्या लिफ्टने जायला लावलं गेलं. १९३८ संपायच्या आत तिने बँड सोडला. शॉबरोबर तिची व्यावसायिक तबकडी निघाली ती एकच. काही महिने या दोघी एकाच स्टेजवर शेजारी शेजारी बसत. हेलनला बिलीबद्दल शेवटपर्यंत माया होती. पण एक गोष्ट सरळ सांगायला हवी: हेलनला जे मधलं मिनिट मिळालं, ते मिळण्यात तिच्या गोऱ्या असण्याचा वाटा होता. फोगेलचं फॉरेस्ट करता येत होतं. बिलीला तशी काही सोय नव्हती.

शॉच्या बँडबरोबर हेलनने बरीच गाणी रेकॉर्ड केली, आणि त्यांतली काही खूप गाजली. नोव्हेंबर १९३९मध्ये प्रसिद्धीला वैतागून शॉ बँड टाकून मेक्सिकोला निघून गेला. लीडर गेला की गायिकेची नोकरी गेली, इतकं साधं गणित. ती बेनी गुडमनकडे गेली. गुडमन वादक म्हणून अफाट. पण हेलन गात असताना तो मागून क्लॅरिनेटवर आपलं काहीतरी वाजवत राही, आणि तिला त्याचा भयंकर त्रास होई. गुडमनकडे एडी सॉटरसारखा अरेंजर होता, तिची काही अतिशय देखणी रेकॉर्डिंग्ज याच काळातली आहेत. तरीही ऑगस्ट १९४१मध्ये तिने ती नोकरी सोडली. आणखी राहिले असते तर मनाने कोलमडले असते, असं तिचं पुढे म्हणणं होतं.

इथे तिने एक वेगळी गोष्ट केली. नवीन नोकरी मागताना पगाराआधी तिने गाण्यातली जागा मागितली. ट्रम्पेटवादक हॅरी जेम्सकडे ती गेली ती याच अटीवर, की मधलं एक मिनिट नको, गाण्याची बांधणीच माझ्या आवाजाभोवती करा. जेम्सला ते पटलं. त्याने नुकतीच बँडमध्ये व्हायोलिन्स घेतली होती. तो आपल्या ट्रम्पेटने वातावरण उभं करायचा, मग आवाज यायचा, आणि बँड त्याच्या मागे उभा राहायचा. डिसेंबर १९४१मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, अमेरिका युद्धात उतरली, लाखो जोडप्यांची ताटातूट झाली. त्याच महिन्यात हेलनने जेम्सबरोबर 'आय डोन्ट वॉन्ट टू वॉक विदाउट यू' रेकॉर्ड केलं. नाचायला आलेले लोक तिचं गाणं सुरू झालं की थांबून स्टेजजवळ यायला लागले. नाचाचं संगीत ऐकण्याचं संगीत होऊ लागलं होतं.

आणि मग आला १ ऑगस्ट १९४२. या दिवसापासून वादकांच्या युनियनने, म्हणजे अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सने, रेकॉर्डिंगवर बंदी घातली. अध्यक्ष जेम्स पेट्रिलो, स्वतः शिकागोचा ट्रम्पेटवादक. त्याचा मुद्दा असा: रेडिओ स्टेशनं आणि हॉटेलांतले ज्यूकबॉक्स तबकड्या वाजवतात, त्यामुळे प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांची कामं जातात. तेव्हा विकल्या जाणाऱ्या तबकड्यांमागे कंपन्यांनी युनियनच्या निधीत पैसे भरावेत, त्यातून बेकार वादकांना काम देता येईल. कंपन्या ऐकेनात. डेक्काने सप्टेंबर १९४३मध्ये करार केला. कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर तर नोव्हेंबर १९४४पर्यंत अडून बसल्या.

या बंदीत एक फट राहिली. युनियनच्या लेखी गाणारे 'वादक' नव्हतेच. गळा म्हणजे वाद्य नव्हे. त्यामुळे त्यांना बंदी लागू नव्हती. कंपन्यांनी काय केलं? वाद्यांऐवजी मागे समूहगायक उभे केले आणि पुढे फ्रँक सिनात्रा, डिक हेम्स यांना गायला लावलं. शिवाय कपाटातल्या जुन्या तबकड्या पुन्हा बाहेर काढल्या. सिनात्राने १९३९मध्ये हॅरी जेम्सच्या बँडमध्ये गायलेलं एक गाणं तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. १९४३मध्ये तेच रेकॉर्डिंग पुन्हा आलं, या वेळी सिनात्राचं नाव वर, आणि तुफान चाललं. आवाज तोच, बँड तोच. फक्त नावांची जागा बदलली.

हेलनच्या बाबतीत हा योगायोग आणखी ठळक आहे. बंदी लागण्याच्या आदल्या दिवशी, ३१ जुलै १९४२ला, तिने जेम्सबरोबर 'आय हॅव हर्ड दॅट साँग बिफोर' गायलं. १९४३मध्ये ते तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्याच वर्षी गुडमनबरोबर १९४०मध्ये केलेलं 'टेकिंग अ चान्स ऑन लव्ह' पुन्हा बाजारात आलं आणि तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. पण बँडच्या गायिकेला सहसा आठवड्याचा पगार मिळे. तबकडी किती खपली याच्याशी तिच्या मिळकतीचा संबंध नसे. आवाज देशभर घुमत होता, हिशेब मात्र बँड लीडर आणि कंपनी यांच्यातच होत होता.

१९४३च्या अखेरीस तिने जेम्सचा बँड सोडला. त्यामागे व्यावसायिक कारण होतं आणि खाजगीही: तिचं जेम्सवर प्रेम होतं, आणि त्या जुलैमध्ये त्याने अभिनेत्री बेटी ग्रेबलशी लग्न केलं होतं. आत्मचरित्रात तिने हे काही लपवलेलं नाही. पुढे १९४४ ते १९४७ तिने डिक हेम्सबरोबर रेडिओचा कार्यक्रम केला. आता नाव मोठ्या अक्षरात होतं.

बँड मात्र कोसळत होते. वादक सैन्यात गेलेले, प्रवासाला पेट्रोल-टायर मिळेनात, आणि १९४४पासून नाचगाणं असलेल्या जागांवर केंद्र सरकारचा जबर कर. डिसेंबर १९४६च्या आसपास गुडमन, जेम्स, डॉर्सी, वुडी हर्मन अशा कित्येकांनी बँड मोडले. वादकांची पोटं वाचवण्यासाठी पुकारलेल्या लढ्यात गाणारे वर आले आणि वादकांचे बँड बुडाले. पेट्रिलोचा मुद्दा चुकीचा होता असं मला वाटत नाही. कामाचे पैसे कोणाला मिळावेत हा त्याचा प्रश्न आजच्या स्ट्रीमिंगच्या काळातही तसाच आहे. पण गळा हे वाद्य नाही असं मानल्याचा फटका शेवटी त्याच्याच लोकांना बसला.

आणि हेलन? जे दार उघडायला तिने हातभार लावला, त्यातून सिनात्रा पुढे गेला, ती नाही. रेडिओचा कार्यक्रम संपला, लोकांची आवड बदलली, मोठी गाणी येईनाशी झाली. १९६०च्या दशकात ती टॉमी डॉर्सीच्या नावाने चालणाऱ्या बँडबरोबर पुन्हा गावोगाव फिरताना दिसते. १९८०मध्ये तिला पक्षाघाताचा झटका आला. त्यातून उठून ती पुन्हा गायली. १९९९च्या जुलैमध्ये, ८२व्या वर्षी, लॉस एंजेलिसमध्ये ती गेली.

तिची गाणी आज सहज मिळतात. आधी शॉबरोबरचं एक लावा, मग जेम्सबरोबरचं, आणि जवळ घड्याळ ठेवा. आवाज कितव्या सेकंदाला येतो, किती वेळ राहतो आणि शेवट कोणाचा होतो, एवढंच मोजा. आणि शोधताना फक्त तिचं नाव टाकून थांबू नका. यातली पुष्कळ गाणी अजूनही बँड लीडरच्या नावाखालीच ठेवलेली असतात.