ईमॅक्स
ग्नू प्रकल्पातील मुक्त व विस्तारक्षम मजकूर-संपादक. रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याचे लेखन १९८४ मध्ये सुरू केले; मूळ ईमॅक्स १९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत घडला होता. गाभा सी भाषेत असला, तरी बहुतेक भाग ईमॅक्स लिस्पमध्ये आहे आणि हेच त्याचे खरे सामर्थ्य होय : आज्ञेमागची लिस्प संहिता, संपादक चालू असतानाच, वाचता व बदलता येते. नवशिक्याने कंट्रोल-एच आणि मग टी दाबून अंगभूत पाठ उघडावा. कंट्रोल-एच, के व त्यानंतर एखादी कळ दाबल्यास त्या कळीचे कार्य समजते. कायमचे बदल आरंभ-फाइलमध्ये लिहितात. दुसऱ्याची तयार फाइल उचलण्यापेक्षा स्वतःची ओळीओळीने वाढवणे हिताचे. देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट व आयट्रान्स या लेखनपद्धती त्यात मुळातच आहेत.