आवळणे, दाबणे, धरणे : रोहिणीप्रवेशाच्या इतिहासातील एक उपेक्षित अंग

१

शरीरातील रक्तवाहिनीत बाहेरून नळी घालून ती हृदयापर्यंत नेण्याच्या विद्येचा इतिहास आजवर बहुधा प्रवेशाचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. नळी प्रथम कोणी घातली, कोणत्या वाहिनीतून घातली आणि ती कोठवर पोहोचली, यांच्या सनावळ्या वैद्यकाच्या ग्रंथांत सहज सापडतात. परंतु घातलेली नळी केव्हातरी काढावी लागते. आणि रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या धमनीतून, ती काढताच मागे राहिलेल्या छिद्रावाटे रक्त वेगाने उसळू लागते. ते थांबवणे ही गोष्ट प्रवेशाइतकीच महत्त्वाची आहे. तथापि तिच्या वाट्याला ग्रंथांत सहसा एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा येत नाही.

प्रस्तुत लेखक वैद्य नाही. भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे. त्यामुळे या विषयाकडे तो शब्दांच्या वाटेने वळला, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. इंग्रजीत 'कॉम्प्रेशन' हा एकच शब्द ज्या क्रियांना लावला जातो, त्यांच्यासाठी मराठीत निदान तीन क्रियापदे आहेत : आवळणे, दाबणे आणि धरणे. दोरी आवळतात, ती सर्व बाजूंनी. बोटाने दाबतात, ते एका जागी. आणि लहान मुलाचा हात धरतात, तेव्हा तो निसटणार नाही पण दुखणारही नाही इतकाच जोर लावतात. रक्त थांबवण्याच्या साधनांचा इतिहास या तीन क्रियापदांच्या क्रमानेच घडला आहे, आणि तो तसा वाचला असता अधिक स्पष्ट होतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम नळीविषयी. 'कॅन्युला' हा शब्द लॅटिन भाषेतील असून त्याचा मूळ अर्थ 'लहान बोरू' किंवा 'लहान वेत' असा आहे. आपल्या 'नळी' या शब्दाचे नातेही संस्कृतातील 'नड' किंवा 'नल' या पोकळ गवताच्या नावाशी आहे. पाण्याकाठी उगवणारा पोकळ देठ हीच दोन्हीकडची पहिली नळी होती, असे अनुमान करण्यास हरकत नाही. 'कॅथेटर' हा शब्द मात्र ग्रीक असून त्याच्या मुळाशी 'खाली सोडणे' ही क्रिया आहे. मूत्राशयात सोडावयाच्या नळीचे ते नाव होते आणि हृदयाकडे जाणाऱ्या नळीला ते फार उशिरा मिळाले.

वाहिनीच्या नावाची कथा याहून मनोरंजक आहे. ग्रीक भाषेतील ज्या शब्दापासून 'आर्टरी' आला, तो श्वासनलिकेलाही लावला जात असे. मृत शरीरात रोहिण्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून वायू वाहतो असा समज प्राचीन ग्रीकांत होता. संस्कृत 'धमनी' हा शब्दही 'फुंकणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. एवढ्यावरून दोन्ही समाजांचे शारीरशास्त्र एकच होते असे म्हणणे अर्थातच धाडसाचे ठरेल; शब्दसाम्य हा विचारसाम्याचा पुरावा नव्हे. 'रोहिणी' हे आपल्या पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेले नाव रक्ताच्या तांबड्या रंगावरून आले आहे, वाऱ्यावरून नव्हे.

स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोड्याच्या मांडीतील रोहिणीत पितळी नळी बसवून तिला उंच काचनलिका जोडली आणि रक्त आठ फूट तीन इंच उंचीपर्यंत चढल्याचे पाहिले. हे वृत्त त्याने १७३३ साली प्रसिद्ध केले. पितळ आणि काच यांमधील लवचीक सांधा म्हणून त्याने हंसाची श्वासनलिका वापरली होती. जिचे नाव रोहिणीला मिळाले ती श्वासनलिका रोहिणीतील रक्ताचा दाब मोजण्याच्या कामी आली, हा केवळ योगायोग होय. पण रोहिणीतील रक्त थांबवणे किती कठीण असेल, याची कल्पना त्या आठ फुटांवरून येते.

३

सुश्रुतसंहितेत एकशे एक यंत्रे सांगितली असून त्यांपैकी वीस नाडीयंत्रे, म्हणजे नळीच्या आकाराची साधने आहेत. शिरावेधाच्या प्रकरणात शीर वर उठून दिसावी म्हणून अवयव बांधण्याची रीतही वर्णिली आहे. रक्त थांबवण्याचे संधान, स्कंदन, पाचन आणि दहन असे चार उपाय त्या ग्रंथात येतात. म्हणजे जखमेचे तोंड जुळवणे, रक्त गोठवणे, भस्मादिकांनी जखम सुकवणे आणि डाग देणे. या चार नावांत 'दाबणे' नाही. मात्र त्याच प्रकरणात, जखमेच्या तोंडावर चूर्ण टाकून ते बोटाच्या टोकाने हळूहळू दाबावे, असा उपदेश आहे. क्रिया सांगितली आहे, पण तिला स्वतंत्र उपायाचे नाव दिलेले नाही, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

युरोपात आवळण्याच्या साधनांचा विकास रणांगणाच्या गरजेतून झाला. १६७४ साली बझांसाँच्या वेढ्यात मोरेल या फ्रेंच शल्यचिकित्सकाने जखमी अवयवाभोवतीच्या पट्टीत काठी घालून ती पिळली. १७१८ साली पॅरिसच्या झां-लुई पेती याने काठीच्या जागी स्क्रू बसवला, त्यामुळे दाब कमीजास्त करता येऊ लागला आणि धरून ठेवणाऱ्या मदतनिसाचा हात मोकळा झाला. 'टूर्निके' हे नाव फिरवण्याच्या क्रियेशी निगडित आहे. १८७३ साली जर्मनीत एस्मार्क याने रबरी पट्टीने अवयव रक्तहीन करण्याची रीत सांगितली. या सर्व साधनांचे तत्त्व एकच : अवयवाकडे येणारा रक्ताचा ओघच बंद करावयाचा. अवयव कापावयाचाच असेल तेथे हे युक्तच होते.

४

मनुष्याच्या हृदयात नळी नेण्याचा आरंभ १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे झाला. वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने मूत्रमार्गासाठी बनवलेली नळी स्वतःच्या डाव्या कोपराच्या शिरेतून ६५ सेंटिमीटर आत सारली आणि तशाच स्थितीत क्ष-किरणांच्या खोलीपर्यंत चालत जाऊन चित्र घेतले. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात कूर्नां आणि रिचर्ड्‌स यांनी या वाटेचे शास्त्र केले, आणि १९५६ साली तिघांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ही वाट शिरेची होती. शिरेतील दाब अल्प असतो. तेथे थोडे दाबले की भागते.

रोहिणीत शिरावयाचे तर त्वचा कापून वाहिनी उघडी करावी लागे आणि शेवटी तिला टाके घालून बंद करावे लागे. १९५८ साली क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स याने हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्यांचे चित्रण साध्य केले, तेही कोपराजवळची रोहिणी अशी उघडूनच. जाड सुई टोचून तिच्या पोकळीतून नळी सारण्याची दुसरीही एक रीत होती. पण तीत सुई नळीपेक्षा जाड असल्यामुळे छिद्र नळीपेक्षा मोठे पडे व कडेने रक्त झिरपे.

ही अडचण स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील स्वेन-इव्हार सेल्डिंगर याने १९५३ साली दूर केली. सुई टोचावी, सुईतून बारीक तार आत घालावी, सुई काढावी, तारेवरून नळी सरकवावी, नळी आत गेल्यावर तार काढावी. एवढीच ती पद्धत. नळी सुईच्या आतून न जाता तारेच्या बाहेरून जात असल्यामुळे छिद्र नळीएवढेच राहते. वैद्यकाच्या इतिहासात ही प्रवेशाची युक्ती म्हणून गाजली. परंतु तिच्या मुळाशी प्रश्न होता तो छिद्राचा. विद्यापीठीय वाचकांसाठी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. एवढ्याशा युक्तीवर प्रबंध उभा राहू शकत नाही असे सेल्डिंगरच्या वरिष्ठांचे मत पडले, आणि त्याला पुढे निराळ्या विषयावर प्रबंध लिहावा लागला.

सेल्डिंगरच्या पद्धतीने टाका नाहीसा केला, पण त्याबरोबर जखम दृष्टिआड झाली. आता छिद्र त्वचेखाली होते; ते दिसत नव्हते, शिवता येत नव्हते. उरला फक्त हात. जांघेतील रोहिणीवर नळी काढल्यानंतर पंधरा ते वीस मिनिटे बोटांनी दाबून ठेवणे हा नियम झाला. यात एक सूक्ष्म ज्ञान आहे. सुई तिरपी जात असल्यामुळे रोहिणीचे छिद्र त्वचेच्या छिद्राच्या थोडे वर असते. म्हणून जेथे रक्त दिसते तेथे न दाबता त्याच्या वर दाबावे लागते. शिवाय रोहिणीखाली मांडीच्या हाडाचे डोके असेल तेथेच दाबाला आधार मिळतो. सुई फार वर टोचली गेली तर दाबण्यास खाली हाडच नसते, आणि रक्त पोटाच्या पाठीमागच्या पोकळीत नकळत साठू शकते. सारांश, दाबणे सुकर होईल की नाही हे टोचण्याच्या क्षणीच ठरलेले असते.

छिद्राच्या मापाविषयीही भाषेच्या अभ्यासकाने दोन शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही. नळ्यांची जाडी 'फ्रेंच' या एककात मोजतात. ते पॅरिसचे शस्त्रकार शारिएर यांनी घातलेले माप असून एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर होय. सहा क्रमांकाची नळी म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची. परंतु नळ्या वारंवार बदलता याव्यात म्हणून वाहिनीच्या तोंडाशी जे आवरण बसवतात, ज्याची रीत देसिले आणि हॉफमन यांनी १९६५ साली वर्णिली, त्याचा क्रमांक आतून जाणाऱ्या नळीवरून ठरतो, स्वतःच्या बाह्य जाडीवरून नव्हे. म्हणजे सहा क्रमांकाच्या आवरणाने पडलेले छिद्र सहा क्रमांकाच्या नळीपेक्षा मोठे असते. एकाच अंकाचे हे दोन अर्थ न ओळखणारा विद्यार्थी जखमेचा अंदाज नेहमी कमी करील.

५

१९७७ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंत्सिग याने हृदयाची अरुंद झालेली रोहिणी फुग्याने रुंद केली, आणि १९८६ पासून तेथे धातूची जाळी बसवली जाऊ लागली. या जाळीत रक्त गोठू नये म्हणून तीव्र औषधे द्यावी लागत. रक्त हृदयात गोठू नये आणि जांघेत मात्र गोठावे, अशी परस्परविरुद्ध अपेक्षा एकाच शरीराकडून केली जाऊ लागली. हाताने दाबण्याचा काळ लांबला. परिचारकांचे हात भरून येऊ लागले. वाळूची पिशवी जुनीच होती, पण ती ठेवल्याने रक्तस्राव कमी होतो असे पुढील चाचण्यांत दिसून आले नाही. इंग्रजी 'सी' अक्षराच्या आकाराचे शिकंजे आले; पट्ट्याने बांधून हवेने फुगवावयाचे पारदर्शक घुमट आले; १९९० नंतरच्या दशकात कोलॅजेनचे बूच आणि त्वचेबाहेरून घालावयाचे टाके आले. ही सर्व साधने पाहता एक गोष्ट ध्यानात येते की, त्यांतील प्रत्येक साधन मानवी बोटाची नक्कल करण्याचा प्रयत्न आहे.

खरा पालट जागा बदलल्याने झाला. १९८९ साली मॉन्ट्रियल येथील ल्युसिअँ काम्पो याने मनगटातील रोहिणीतून हृदयाचे चित्रण केल्याचे वृत्त दिले, आणि १९९२ साली ॲमस्टरडॅम येथे फर्डिनांड किमनाय याने त्याच वाटेने उपचारही केले. मनगटाची रोहिणी त्वचेलगत आणि हाडावर असते, व पंजाला दुसऱ्या रोहिणीकडूनही रक्त मिळते. ही दुसरी वाट खुली आहे की नाही हे पाहण्याची दाबून सोडण्याची परीक्षा ॲलन याने १९२९ साली, म्हणजे फोर्समानच्या साहसाच्याच वर्षी, निराळ्या कारणासाठी सांगितली होती. बत्तीस देशांतील ७,०२१ रुग्णांवर केलेल्या 'रायव्हल' या चाचणीत (२०११) वाहिनीसंबंधी मोठे उपद्रव जांघेच्या वाटेने ३.७ टक्के, तर मनगटाच्या वाटेने १.४ टक्के आढळले.

परंतु मनगटाला दाबणे सोपे आहे, म्हणूनच तेथे अधिक दाबले जाण्याचा मोह होतो. घट्ट बांधलेल्या पट्ट्याखाली रोहिणी कायमची बंद पडते. आणि दुसऱ्या वाहिनीमुळे हात उबदारच राहत असल्याने ती हानी कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढे पुन्हा तीच वाट हवी असेल तेव्हा ती बुजलेली आढळते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रॉफेट' या चाचणीत ४३६ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीप्रमाणे घट्ट पट्टा बांधला; उरलेल्यांचा पट्टा, रक्त बाहेर येणार नाही पण आतून वाहत राहील, इतकाच सैल ठेवला. एका दिवसानंतर रोहिणी बंद पडल्याचे प्रमाण पहिल्या गटात १२ टक्के, तर दुसऱ्यात ५ टक्के होते. तीस दिवसांनंतर ते अनुक्रमे ७ आणि १.८ टक्के राहिले. हवेने फुगणाऱ्या पारदर्शक पट्ट्यांत आज हेच तत्त्व पाळावयाचे असते : हवा थोडी थोडी सोडावी, रक्ताचा थेंब दिसताच थांबून किंचित हवा पुन्हा भरावी. आवळण्यापासून आरंभ झालेला इतिहास येथे धरण्यापर्यंत येऊन पोहोचला. रक्त थांबवावयाचे, पण प्रवाह थांबवावयाचा नाही, हा भेद समजण्यास पेतीच्या स्क्रूनंतर जवळजवळ तीनशे वर्षे लागली.

६

शेवटी नावांविषयी. प्रवेशाच्या पद्धती माणसांच्या नावांनी ओळखल्या जातात : सेल्डिंगरची रीत, सोन्सची वाट, जडकिन्सची नळी. आवळण्याच्या युगात पेती आणि एस्मार्क यांनाही हा मान मिळाला. परंतु नळीच्या युगात जी साधने दाबतात, ती आकारावरून वा जागेवरून ओळखली जातात. आणि पंधरा-वीस मिनिटे बोट न हलवता उभ्या राहणाऱ्या परिचारकाच्या कौशल्याला तर 'हाताने दाबणे' याखेरीज नावच नाही. सुश्रुताच्या चार उपायांत ज्या क्रियेला नाव मिळाले नाही, तिला विसाव्या शतकातही ते मिळाले नाही.

मराठी परिभाषेत 'कॉम्प्रेशन'साठी 'संपीडन' हा शब्द रूढ आहे. पदार्थविज्ञानात तो निर्वेध चालतो. परंतु रुग्णाच्या मनगटावरील पट्ट्याला 'संपीडन पट्टा' म्हटल्याने आवळणे, दाबणे आणि धरणे यांतील अंतर पुसले जाते. आणि वर दिलेल्या आकड्यांवरून दिसते की, ते अंतर पुसले जाणे केवळ शब्दाची हानी नव्हे, एखाद्याच्या रोहिणीचीही असू शकते. ज्या भाषेत हा भेद रोजच्या बोलण्यात आधीपासून आहे, तिने परिभाषा घडवताना तो टाकून देऊ नये, एवढेच येथे सुचवावयाचे आहे.